तारकेच्या अलीकडे

गेल्या काही वर्षांत अनुवादांच्या प्रस्तावनांना एक खोड जडली आहे. कवितेतला एखादा शब्द उचलायचा, त्याचं बोट धरून पाच-सहा हजार वर्षं मागे जायचं, कुठल्यातरी गवताळ रानात एक धातू हाती लागला की त्याला तारका लावून तो मांडायचा, आणि मग त्या धातूच्या उजेडात कवितेचा ‘खरा’ अर्थ सांगत परत यायचं. वाचकाला जरा गरगरतं, लेखकाला विद्वान झाल्यासारखं वाटतं, संपादकाला अंकाला वजन आल्यासारखं वाटतं. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते, कोलकात्यात राहते, आणि हे धातुपुराण वाचता वाचता माझा संयम संपला आहे.

या खोडीला पक्ष नाही. ‘माता, मातेर, मदर’ असं म्हणत संस्कृतचा झेंडा मिरवणारे ती जोपासतात, आणि संस्कृतच्याही मागे जाऊन ‘आद्य भारत-युरोपीय’ रूपं देणारे, स्वतःला त्या अभिमानापासून दूर समजणारे, तेही तीच जोपासतात. दोघांचा प्रश्न एकच: या शब्दाचं गोत्र कोणतं? आपल्याकडे माणसाला हा प्रश्न विचारताना निदान आवाज खाली येतो. शब्दाला तो व्यासपीठावरून विचारला जातो.

शास्त्राशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते, नाहीतर उत्तरादाखल मला सोस्यूर शिकवला जाईल. पुनर्रचनेचं शास्त्र हे माणसाच्या बुद्धीचं फार देखणं काम आहे. एकविशीतल्या सोस्यूरनं १८७९च्या आपल्या प्रबंधात निव्वळ हिशेबानं दाखवलं, की मूळ भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे तेव्हा ज्ञात असलेल्या कुठल्याच भाषेत उरलेले नाहीत. पुढे हित्ती भाषेच्या विटा वाचता आल्या, आणि १९२७ साली कुरिलोविचनं दाखवून दिलं की त्या हरवलेल्या ध्वनींच्या काही जागी हित्तीत खरोखरच एक व्यंजन बसलेलं आहे. यापुढे टोपी काढावी. हेच शास्त्र सांगतं की आर्मेनियनमधला ‘एर्कू’ आणि आपला ‘दोन’ एकाच मुळातून आले, कानाला त्यांत काडीचं साम्य नसलं तरी. आणि लॅटिनमधला ‘देउस’ आपल्या ‘देव’चा नातलग असला, तरी अर्थानं जुळणारा ग्रीक ‘थेऑस’ नाही. म्हणजे हे शास्त्र ध्वनींच्या नियमित बदलांचं आहे. कानाला गोड वाटणाऱ्या योगायोगांना ते दारातूनच परत पाठवतं. आणि एका शब्दाचा अमुक काळी, अमुक गावात, अमुक माणसाच्या तोंडी काय अर्थ होता, हे सांगण्याचा दावाही ते करत नाही. तो दावा आपण त्याच्या नावावर खपवतो.

कोलकात्यात तर हे पाप जास्तच लागतं, कारण गोष्ट इथूनच सुरू झाली. १७८४ साली विल्यम जोन्सनं इथे एशियाटिक सोसायटी स्थापन केली, आणि २ फेब्रुवारी १७८६च्या तिसऱ्या वार्षिक व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, तो उगम कदाचित आता उरलेला नसेल, असं म्हटलं. हे वाक्य जगभर पाठ आहे. त्यातला ‘कदाचित’ मात्र कुणी पाठ करत नाही. त्याच व्याख्यानाच्या शेवटी जोन्सनं हिंदूंचं नातं इजिप्त, चीन, जपान आणि थेट पेरूपर्यंत नेऊन भिडवलं आहे, हेही कुणी सांगत नाही. शुद्ध हिंदी ही मुळात संस्कृतची लेक नव्हे, ती इथे आधीपासून असलेली, वेगळ्या कुळाची, आणि बाहेरून आली ती संस्कृत, असंही त्याचं मत होतं. यात त्याला हसण्यासारखं काही नाही. तो अंदाज बांधत होता आणि अंदाज म्हणूनच सांगत होता. पार्क स्ट्रीटच्या एका टोकाला त्याची सोसायटी आहे आणि दुसऱ्या टोकाच्या जुन्या दफनभूमीत त्याचा उंच निमुळता स्तंभ. या दोहोंमधल्या मैलभर रस्त्यावर आज मराठी, बंगाली, भोजपुरी, ओडिया, उर्दू, नेपाळी, इंग्रजी, सगळं एका श्वासात ऐकू येतं. त्या एका वाक्यापलीकडे या शहरानं भाषांबद्दल आपल्याला काही शिकवलंच नाही, असं आपण वागतो.

‘कदाचित’चं पुढे काय झालं, तर त्याची तारका झाली. पुनर्रचित रूपाच्या डोक्यावर तारका लावायची पद्धत आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडितानं रूढ केली. तारका म्हणजे: हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, आम्ही गणितानं काढलं आहे. त्याच श्लायखरला १८६८ साली हुरूप आला आणि त्यानं त्या तारांकित भाषेत एक छोटी बोधकथाच रचली. लोकर कातरलेली एक मेंढी घोडे पाहते. कुणी गाडी ओढतोय, कुणी ओझं, कुणी माणूस. तिला घोड्यांची दया येते. घोडे म्हणतात, आम्हाला तुझी येते, तुझ्या लोकरीची ऊब माणूस घेतो. श्लायखरची ही कथा वाचली तर बरीचशी संस्कृतसारखी दिसते, कारण तेव्हा मूळ भाषा संस्कृतच्या जवळची होती असं वाटत असे. हिर्टनं पुन्हा लिहिलेली तीच कथा १९३९ साली छापून आली तर स्वरच पालटले. पुढच्या प्रत्येक पिढीनं ती नव्यानं लिहिली आहे, आणि एकीची दुसरीला ओळख पटू नये इतकी ती बदलत गेली आहे. यात शास्त्राची प्रगतीच आहे. पण ज्या मजकुराची प्रत दर पिढीला बदलते त्याच्या आधारावर आपण कवितेचा अर्थ कायमचा ठोकून देतो, त्याला काय म्हणायचं?

आणि या कथेत मराठी माणसासाठी एक गंमत आहे. तिच्यातल्या मेंढीचा शब्द संस्कृतात ‘अवि’ झाला आणि घोड्याचा ‘अश्व’. आपण काय म्हणतो? मेंढी आणि घोडा. बंगाली काय म्हणतात? भेड़ा आणि घोड़ा. चारांपैकी एकही शब्द त्या आद्य कथेतल्या शब्दांचा वंशज नाही. ‘घोट’, ‘घोटक’ हा संस्कृतात उशिरा येणारा शब्द, आणि तो इथल्याच दुसऱ्या कुळातल्या भाषेतून आला असावा असं बहुतेक जाणकार मानतात. ‘मेंढा’चीही तीच गत. म्हणजे ज्या दोन जनावरांवर या कुळाचं सर्वांत प्रसिद्ध लेखन उभं आहे, त्या दोघांना आमच्या धनगरानं आणि आमच्या स्वारानं भलत्याच नावांनी हाका मारल्या. ‘अश्व’ आमच्याकडे उरला तो पंपाच्या मोटारीवर, अश्वशक्ती म्हणून. कुत्र्याचंही तसंच. ‘श्वन्’चं कूळ थेट इंग्रजी ‘हाउंड’पर्यंत पोचतं, पण दारातला तो कुत्रा, आणि पोलीस खात्यात नोकरीला लागला की श्वान. मराठीत कुलीन शब्द बहुधा सरकारी नोकरीत असतात.

मूळ धातूच्या मागे लागलेला समीक्षक नेमका ‘घोडा’ आणि ‘मेंढी’ सोडून देतो. त्यांचा माग रानात पोचत नाही, म्हणून ते त्याला कमी वाटतात. त्यानं निवडलेले शब्द पाहा: देव, माता, नाम, अग्नी, चक्र. जिथे धागा न तुटता पोचतो तिथेच तो बोट ठेवतो. पण मराठी माणसानं आईला ‘माता’ म्हणून कधी हाक मारली? आई, अक्का, ताई, अण्णा यांच्यासाठी दक्षिणेकडे पाहावं लागतं. विश्वनाथ खैरे यांनी आयुष्यभर तमिळकडे बोट दाखवून ही कोंडी फोडायचा प्रयत्न केला, ते फार बरं झालं. फक्त त्यांच्या वाटेनं जाणारे काही जण संस्कृतच्या जागी तमिळ बसवतात आणि बाकीचा खेळ जुनाच चालू ठेवतात. देव्हारा तोच, मूर्ती बदलली.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. मुर्शिदाबादकडच्या खेड्यातली एक कथा मी मराठीत आणत होते. हातपंपावर दोन शेजारणी. एक म्हणते ‘जल’, बंगाली उच्चारानं ‘जॉल’. दुसरी म्हणते ‘पानी’. वाचणाऱ्या प्रत्येक बंगाल्याला या दोन शब्दांतच कळतं की पहिली हिंदू आहे आणि दुसरी मुसलमान. लेखकानं नावं मुद्दाम सांगितलेली नाहीत. कथा त्या दोन शब्दांवर तोललेली आहे. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘पाणी’. कथा बुडाली.

एका संपादकांनी सुचवलं, जॉलला ‘जल’ ठेवा, पानीला ‘पाणी’. दोन्ही संस्कृतच आहेत, मूळ अर्थ शाबूत राहील. मूळ अर्थ! मराठीत ‘जल’ म्हणणारी बाई पंपावर कळशी भरत नसते, ती जलसंपदा विभागात अर्ज करत असते. आणि मूळच पाहायचं तर ऐका. ‘पानीय’ म्हणजे पिण्याचं, ‘पा’ धातूपासून. त्याचं तारांकित कूळ इतकं निर्विवाद की लॅटिनमधलं पिणं आणि त्यातून निघालेलं इंग्रजी ‘पॉयझन’ही त्याच घरातलं. उलट ‘जल’चं मूळ आजही निश्चित लागलेलं नाही. म्हणजे कुळाच्या कसोटीवर ‘पानी’ अस्सल आणि ‘जल’ संशयित. तरी बंगालात ‘जल’ सोवळं आणि ‘पानी’ परकं. इतकंच नव्हे, बंगालीचा सर्वांत जुना ठेवा म्हणून जी चर्यापदं मिरवली जातात, जी हरप्रसाद शास्त्रींना १९०७ साली नेपाळात सापडली आणि १९१६ साली बंगीय साहित्य परिषदेनं छापली, त्या बौद्ध सिद्धांच्या पदांत हरणाच्या पिण्याचं पाणी ‘पाणी’च आहे. तेव्हा तो शब्द कुणा एका धर्माचा नव्हता. नंतर कधीतरी तो वाटला गेला. हावड्याहून पुरीची रात्रीची गाडी पकडली तर सकाळी ओडिशात सगळेच ‘पाणि’ पितात, पुजाऱ्यासकट. ही वाटणी कधी झाली, कुणी केली, कुठल्या शाळेच्या पुस्तकानं ती पक्की केली, हा त्या शब्दाचा इतिहास. धातूला त्यातलं अक्षरही ठाऊक नाही.

(तिसरा शब्द ‘उदक’. ‘वॉटर’चा सख्खा नातलग, सर्वांत थोर घराण्याचा. मराठीत त्याचं एकच काम शिल्लक आहे: एखाद्या गोष्टीवर उदक सोडणं, म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणं.)

मी काय केलं? ‘पानी’ असा दंत्य ‘न’ घालून पाहिला. मराठीत तो लगेच अडाणीपणाची खूण होतो आणि मुसलमान बाई विनाकारण अडाणी ठरते, तेव्हा तो खोडला. शेवटी तो फरक पाण्यातून काढून हाकेत नेला. एक शेजारीण दुसरीला ‘दिदी’ म्हणते, दुसरी पहिलीला ‘बुबू’. कथा निदान पाण्यावर राहिली.

आता इथल्या मराठी माणसाच्या जिव्हारी लागणारा शब्द घेते. कोलकात्यात मी मराठी आहे असं कळलं की दहातले दोघे तरी हसून म्हणतात, ‘ओ, बर्गी!’ थट्टाच असते. पण या शब्दानं बंगाली मुलांना पिढ्यान्‌पिढ्या झोपवलं आहे. अंगाईत बर्गी येतात आणि त्यांच्याबरोबर सारा कसा भरायचा ही काळजीही येते. १७४२पासून दहाएक वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात त्यांचं वर्णन आहे. ते इतिहासाच्या आपल्या शालेय पुस्तकांना मानवणारं नाही. १७५१ साली अलीवर्दीखानानं वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली तेव्हा ते थांबलं. कोलकात्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि पुढे बुजवून त्याच्या बाजूनं सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे. जोन्सची दफनभूमीही याच सर्क्युलर रोडच्या अंगाला.

‘बर्गी’ म्हणजे आपला ‘बारगीर’. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगीराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शब्द फारसी: ‘बार’ म्हणजे ओझं, ‘गीर’ म्हणजे धरणारा. आता धातू काढा. ‘बार’ हा आपल्या ‘भार’चा भाऊ, इंग्रजी ‘बेअर’चाही. ‘गीर’ हा ‘ग्रह्’, वैदिक ‘ग्रभ्’ यांच्या घरातला. दोन्ही धातू बावनकशी, तारकेसह. मग ‘बर्गी’चा खरा अर्थ काय? भार वाहणारा? बर्दवानच्या शेतकऱ्याला हा अर्थ सांगून पाहायला हवा होता. मराठीत ‘बारगीर’ हा फौजेच्या हिशेबातला एक कोरडा शब्द. तो भागीरथीपर्यंत आला, तिथे त्याला आईच्या तोंडात जागा मिळाली आणि तो भीतीचा शब्द झाला. हे सगळं गेल्या तीनशे वर्षांत घडलेलं, कागदोपत्री असलेलं आहे. ते ओलांडून सहा हजार वर्षं मागे जाण्यात कुणाची सोय आहे, हे मराठी वाचकानं एकदा स्वतःला विचारावं. इतकं मागे गेलं की रक्त दिसत नाही. सगळे एका कुळातले भाऊ दिसतात.

हीच सोय भाषाशुद्धीवाल्यांनी उलट बाजूनं करून घेतली. फारसी शब्द हुसकायचे, संस्कृत बसवायचे. पण फारसी ही तर संस्कृतची चुलत बहीण. ‘हप्ता’ आणि ‘सप्ताह’ हे दोन्ही एकाच ‘सात’मधून निघालेले. गावात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि त्याच गावच्या बाजारात दुकानदारांकडून हप्ता गोळा होतो; कधी कधी वर्गणी मागणारी माणसंही तीच असतात. टीव्हीचा हप्ता वेगळाच. शुद्धीकरण करून त्याला ‘सप्ताह’ म्हणून दाखवावं कुणी. आणि सात दिवसांना आपण जो घरगुती शब्द वापरतो, तो ‘आठवडा’, त्यात तर आठ आहेत. बाजाराच्या वारापासून बाजाराच्या वारापर्यंत दोन्ही टोकं धरून मोजणाऱ्या माणसाचा तो हिशेब आहे. कुठलाही धातू तुम्हाला त्या बाजारात नेणार नाही.

मग जायचं कुठे? मधे. म्हणजे ज्या दोन-अडीच हजार वर्षांवरून हे सगळे उडी मारतात, तिथे. तिथे जाणारी माणसं होती. ज्यूल ब्लॉकचं मराठीच्या घडणीवरचं फ्रेंच पुस्तक १९२०चं. तो मराठीच्या एकेका ध्वनीचा माग प्राकृतातून, शिलालेखांतून, बोलींतून काढतो, आणि जिथे पुरावा संपतो तिथे थांबतो. सुनीतिकुमार चटर्जी पॅरिसला त्याच्याकडे शिकले, आणि १९२६ साली कलकत्ता विद्यापीठानं त्यांचा बंगालीच्या उगम-विकासाचा ग्रंथ काढला. म्हणजे बंगालीच्या इतिहासाला नमुना मराठीच्या इतिहासानं पुरवला. ही गोष्ट मी इथल्या बंगाली मित्रांना सांगते तेव्हा त्यांना आनंद होतो. मराठी मित्रांना सांगते तेव्हा ते विचारतात, ब्लॉक कोण? टर्नरनं १९६०च्या दशकात भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश केला, त्यात कितीतरी शीर्षरूपांवर तारका आहे; कारण मराठी, बंगाली, सिंधी, नेपाळी हे शब्द बोलत राहिल्या आणि संस्कृतात ते कुणी लिहिलेच नव्हते. तारकेचा हा उपयोग मला पटतो. तिनं न लिहिलेल्या माणसांसाठी जागा राखली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठी आणि बंगालीला एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. त्याच यादीत पाली आणि प्राकृतही होत्या. मराठीची सगळी बाजू उभी होती ती महाराष्ट्री प्राकृतावर, ‘गाथासप्तशती’वर, नाणेघाटाच्या शिलालेखावर. म्हणजे मधल्या पायऱ्यांवरच. पेढे वाटून झाले आणि आम्ही पुन्हा शब्दाखाली धातू शोधायला बसलो. प्राकृताचे वर्ग किती महाविद्यालयांत चालतात हे कुणी मोजायला बसलं नाही.

मला हवं आहे ते फार साधं आहे. ढाक्याच्या बांगला अकादमीनं २०१३-१४ साली गुलाम मुर्शिद यांच्या संपादनाखाली तीन खंडांचा बंगाली कोश काढला. त्यात शब्द कोणत्या साली, कुणाच्या लेखनात, कोणत्या अर्थानं दिसतो, हे क्रमानं दिलं आहे. अनुवाद करताना तो माझ्या उजव्या हाताला असतो. डाव्या हाताला मराठीसाठी दाते-कर्व्यांचे खंड, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश. सगळे कष्टाचे, सगळे लागतात. पण ज्ञानेश्वरीपासून आजच्या वर्तमानपत्रापर्यंत शब्दाची सनावळी सलग मांडणारं मराठीत काही होईल का? त्यासाठीचा कागद पुण्या-तंजावरातच नाही, इथेही आहे. इथून गंगेच्या काठानं वर गेलं की श्रीरामपूर लागतं; केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी खिळ्यांत छापलेला मराठी कोश १८१० साली तिथून निघाले, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. बंगालात बसून, बंगाली कारागिरांच्या हातांनी छापलेली ही मराठी. अभिजात दर्जाच्या नावानं जो निधी यायचा असेल त्यातून एवढं झालं तरी पुष्कळ.

माझ्या पुढच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत धातू नाहीत. प्रकाशकांनी विचारलं, ‘पाणी’वर एखादा परिच्छेद टाकता का, संस्कृत मूळ वगैरे, वाचकांना आवडतं. त्याऐवजी ‘दिदी’ आणि ‘बुबू’वर दोन पानं पाठवली आहेत. त्यांना ती लांब वाटतात. मी ती कापणार नाही असं कळवलं आहे. उत्तराची वाट पाहते आहे.